मायक्रोचे गणित आणि गाईडची पाने

महोदय,

एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्याच सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर अनेकांची दांडी उडवतो. बी.ए.ला समवृत्ती वक्र (सारखेच समाधान देणाऱ्या वस्तूंच्या जोड्यांचा) काढून अंदाजपत्रक रेषेला (उत्पन्नात परवडणाऱ्या जोड्यांच्या) टेकवला की भागते. इथे तेच गणिताने सिद्ध करायचे असते. मग गाईडमधली लग्रांजची पद्धत, म्हणजे ठरावीक खर्चात जास्तीत जास्त समाधान काढण्याची गणिती रीत, घोकली जाते आणि फसगत नेमकी तिथेच होते.

समजा, क्ष आणि य या दोन वस्तूंपासूनची उपयोगिता (मिळणारे समाधान) = √क्ष + य. क्षची किंमत १ रुपया, यची १० रुपये, उत्पन्न १६ रुपये. लग्रांजने क्ष २५ येतो. खिशात सोळाच रुपये, त्यामुळे य येतो उणे ०.९! हे उत्तर खाली दोन रेघा मारून लिहिलेले सापडते. खरे उत्तर क्ष १६, य शून्य. तिथे क्षवरच्या शेवटच्या रुपयाची सीमान्त उपयोगिता (त्याने वाढणारे समाधान) ०.१२५, यवर पहिला रुपया खर्चावा तर फक्त ०.१. म्हणजे ‘रुपयामागे सीमान्त उपयोगिता समान’ हा पाठ केलेला नियम इथे लागूच पडत नाही. नग शून्याखाली जाणार नाहीत ही अट घालून कुन-टकरच्या, म्हणजे अशा अटीही सांभाळणाऱ्या पद्धतीने सोडवले तरच हे दिसते. आता उत्पन्न ३६ करून पाहा: क्ष २५, य १.१. पंचविसापुढे उत्पन्न कितीही वाढले तरी क्षची मागणी हलत नाही, उत्पन्न परिणाम शून्य. किंमत बदलल्याने मागणीत होणाऱ्या बदलातून हा उत्पन्न परिणाम वेगळा काढणारे स्लुट्स्की समीकरण कळायला एवढे पुरते.

बारावी वाणिज्यच्या गणितात अवकलन (बदलाचा दर काढण्याचे गणित) असते, पण कला शाखेतून आलेल्या बहुतेकांनी ते पाहिलेलेच नसते. म्हणून सत्राचे पहिले दोन आठवडे आंशिक अवकलन आणि अंतर्वक्र फलनांना द्यावेत, सिद्धांत नंतर.

याच पेपरातल्या लिलावाच्या प्रकरणाला तर हळदीचे लिलाव होणारे सांगलीचे मार्केट यार्ड हाताशी आहे. विल्यम विक्री (Vickrey) या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवले, की सर्वाधिक बोलीवाल्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे असतील, तर मनातली किंमत खरी सांगण्यातच त्याचे हित असते. मात्र ती किंमत ज्याची त्याची स्वतंत्र हवी. हळदीचा व्यापारी माल पुढे विकायलाच घेतो. त्या लॉटची बाजारातली किंमत सगळ्यांना जवळपास सारखीच, फरक फक्त अंदाजात. ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याच्याच गळ्यात माल पडतो. म्हणून जाणता व्यापारी बोली आखडती ठेवतो. ती किती आखडावी, हे काढायला लावणारा प्रश्न १० गुणांना विचारावा. ‘लिलावाचे प्रकार स्पष्ट करा’ आता पुरे झाले.

– अर्थशास्त्राचे काही अध्यापक, सांगली