साखरपुडा पुण्यात, आम्ही नापात

सॅन होजे
बुधवार, रात्र

ती. आजी, ती. बाबा आणि ती. आईस शि. सा. न. वि. वि.

फोनवर आई "बरं, तब्येतीला जप" म्हणून विषय संपवते आणि मागून आत्या काय बोलते ते मला स्पष्ट ऐकू येतं, म्हणून लिहायला बसलो. केतकी, प्रिंट काढ आणि आजीसाठी अक्षर मोठं कर. मी उत्तम आहे. ऑफिस, जेवण, घर सगळं जसं होतं तसंच.

आता आत्याचं. बहिणीचा साखरपुडा आणि हा दारू प्यायला निघालाय, असं तिचं म्हणणं. तिला सांगा, मी एकटा निघालेलो नाही, मुलाकडचे बरोबर आहेत! मंदारदादांनाही धाकट्या भावाच्या, ओंकारच्या, साखरपुड्याला जाता येत नाहीये, आणि कारणही माझ्यासारखंच, व्हिसा. ते आणि वहिनी त्या दिवशी घरी बसून काय करणार होते, मी तरी काय करणार होतो? तेच म्हणाले, दोन्हीकडचे इथे अडकलेले एकत्र तरी असू. नापाला, म्हणजे इथल्या वाइनच्या दरीत, जायची हौस त्यांची, आखणी माझ्याकडे आली. आई, तू "त्यांचा मान राख" म्हणून तीनदा बजावलंस, त्याआधीच मी हॉटेलात त्यांच्यासाठी मोठी खोली घेऊन ठेवली होती.

शुक्रवारी संध्याकाळी निघायचं. ट्रॅफिक नसेल तर दोन तास. नापा म्हणजे दोन डोंगररांगांमधली चिंचोळी दरी आहे, लांबी पन्नास किलोमीटरच्या आत, आणि तेवढ्यात चारशेच्या वर वायनरी, म्हणजे वाइन करणारी ठिकाणं. हायवे २९ वर शनिवारी गाड्या मुंगीच्या पावलांनी जातात, त्यामुळे मी सगळं पूर्वेकडच्या सिल्व्हराडो ट्रेलच्या बाजूने बसवलंय. दिवसाला दोनच वायनरी. मंदारदादांना चार हव्या होत्या, पण प्रत्येक ठिकाणी दीड तास मोडतो आणि वेळ आधी ठरवूनच जावं लागतं. १९९० नंतर सुरू झालेल्या वायनरींना काऊंटीचाच (म्हणजे इथल्या जिल्ह्याचाच) तसा नियम आहे. मनात आलं आणि आत शिरलो, असं होत नाही. वाइनची चव बघायचे माणशी पन्नास-साठ डॉलर तरी. रुपये करू नका, मीही करत नाही. (केले. नंतर चहा पण गोड लागला नाही.)

शनिवारी स्टॅग्ज लीप, रविवारी वर कॅलिस्टोगाला शातो माँटेलेना. ही दोन नावं मंदारदादांची. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून ठेवल्या. लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप पहिली आली आणि पांढऱ्या वाइनमध्ये माँटेलेना. तोवर नापाला जगात कोणी विचारत नव्हतं. वहिनी वाइनला हात लावत नाहीत, त्यांना कॅलिस्टोगाचा किल्ला बघायचाय. एकशे सात खोल्यांचा, अगदी मध्ययुगीन इटलीतला वाटावा असा, आणि उघडला २००७ साली! आमच्या शनिवारवाड्यात निदान भूत तरी आहे.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट. एवढी मोक्याची जमीन सॅन फ्रान्सिस्कोपासून तास-दीड तासावर, तरी टॉवर का नाहीत, हे मी इथल्या एकाला विचारलं. १९६८ साली काऊंटीने दरीचा तळ शेतीसाठी राखून टाकला. वीस एकरांच्या खाली तुकडाच पाडायचा नाही. पुढे ती मर्यादा चाळीस एकर केली. गुंठेवारीचा प्रश्नच नाही. त्या वेळी काही जमीनवाल्यांनी खूप आरडाओरडा केला, आज तीच जमीन सोन्याच्या भावात आहे. हिंजवडीला जाताना तुम्ही खिडकीबाहेर बघून जे पुटपुटता, ते मला आठवलं.

आणि नारायणगावच्या मामाला सांगा, त्याची ऑक्टोबर छाटणी चालू असेल तेव्हा इथे तोडणी संपत आलेली असते. यांची छाटणी वर्षातून एकदा, थंडीत, वेल पानं टाकून झोपला की. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला पुन्हा. मामा जीएचे डीप देऊन (जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात घड बुडवून) मणी फुगवतो, इथे उलट मणी बारीकच हवा, कारण वाइनचा रंग नि तुरटपणा सालीत असतो. मागे एका बागेत मी एक मणी तोंडात टाकला होता. वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, आणि गोड इतका की दात शिवशिवले. ओळीच्या टोकाला गुलाब लावतात. पूर्वी म्हणे भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आधी गुलाबावर दिसायची, मग द्राक्षावर, म्हणून. मामा हसेल.

आता ती थुंकण्याची भानगड. आई, तू फोटोत काउंटरवरचं काळं भांडं बघून "हे काय" विचारलंस, ते थुंकायचं भांडं आहे. नीट सांगतो, नाहीतर आत्या वेगळंच काहीतरी पसरवेल. ग्लासात दोन घोट ओततात. ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट घेऊन दात मिटून वर हवा ओढायची, सुर्र असा आवाज येतो. आजीसमोर केलं तर ती पाठीत घालेल. मग तो घोट तोंडात घोळवून त्या भांड्यात थुंकायचा. सगळ्यांसमोर! ग्लासात उरेल तेही त्यातच ओतायचं. कारण एका जागी पाच वाइन, दिवसात अशा दोन जागा. गिळत बसलं तर चौथ्या वाइनला पहिलीची चव आठवत नाही, आणि गाडीही चालवायची असते. जाणकार लोक तर एक थेंब न उडवता बारीक धार सोडतात. मला अजून ते जमत नाही, हनुवटीवर ओघळ येतो, म्हणून मी कागदी कप घेतो. आपल्या जिन्यात "येथे थुंकू नये, आपणांस घरी असेच शिकवले आहे काय?" ही पाटी बाबांनी स्वतः रंगवलेली, आणि त्याच घरातला मुलगा साठ डॉलर मोजून थुंकतो. पण यावरून एवढं लक्षात घ्या की पोटात फारसं काही जात नाही. आणि गाडी मी चालवणारच नाहीये. आपलीच गाडी चालवायला तासावर ड्रायव्हर मिळतो, तो घेतलाय.

जेवणाचं म्हणाल तर याउंटव्हिलला फ्रेंच लाँड्री म्हणून जगप्रसिद्ध हॉटेल आहे. जागा पूर्वी खरोखर लाँड्रीची. भाज्यांचं वेगळं ताट मिळतं, पण माणशी तीनशे डॉलरच्या वर आणि वहिनींना अंडंही चालत नाही. बाहेरून बघून पुढे जाणार. दुपारी नापातल्या ऑक्सबो मार्केटमध्ये काहीतरी खाऊ, रात्री इटालियन. वहिनी तिखटमिठाच्या पुऱ्या घेणार आहेत, मी मेतकूट. बिल मी देणार, मंदारदादांनी कितीही पाकीट काढलं तरी.

साखरपुडा रविवारी अकराला, म्हणजे आमच्याकडे शनिवारी रात्री साडेदहा. दुपारनंतर कोणी काही घेणार नाही, हे वहिनींनी फर्मावलंय. आम्ही तिघं हॉटेलच्या खोलीत नीट कपडे करून बसू. ओंकारला टिळा बाबांनी लावावा. भावाचं काय काय असतं ते चुलत दादा करेल, त्याला सांगून ठेवलंय. फोन कोणाच्या तरी हातात असू दे, स्टँडवर नको, मागच्या वेळी तासभर पंखाच दिसला. मी ऑक्टोबरात निघालो तर व्हिसाच्या शिक्क्याची तारीख येईपर्यंत परतता येणार नाही, ती डिसेंबरातली मिळालीय, म्हणून एकदाच येतो. लग्नाला मी आहे. हे मी आधीही सांगितलंय, पुन्हा सांगतो.

बाबा, एफडी मोडू नका. हॉलचे उरलेले पैसे मी सोमवारी पाठवलेत, शुक्रवारपर्यंत खात्यात दिसतील. "तुझे पैसे तुझ्याजवळ राहू देत" हे म्हणू नका, नापाला उडवायला आहेत तर हॉललाही आहेत. आणि मोतीबिंदू लग्नानंतर हे काय काढलंय? अजून दोन महिने आहेत, उरकून घ्या. सोबतीला कोण जाईल ते मात्र मला कळवा.

आई, तू वहिनींच्या मावसबहिणीसाठी माझी पत्रिका पाठवलीस हे मला वहिनींकडून कळावं? सिएटलला असते म्हणे. रविवारी नाश्त्याच्या वेळी "सहजच" तिचा व्हिडिओ कॉल येणार आहे. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही, मुलाकडचे आहेत. पण आत्ताच आत्याला सांगू नकोस.

तुमचा,
अनिकेत

ता. क. केतके, ओंकारच्या आईंना साडी कोणत्या रंगाची आवडते ते वहिनींकडून काढलंय. मोरपिशी. जांभळी अजिबात नको. आणि अंगठीचं बिल बाबांना दाखवू नकोस, मला पाठव.