फॉर्मात नसलेला रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरवड्यापूर्वी फोंड्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी निवृत्तीनंतरच्या पैशांच्या नियोजनावर एक मोफत व्याख्यान झालं. चहा, बटाटवडा आणि जाताना एक कापडी पिशवी. शेजारच्या वहिनींनी ओढून नेलं म्हणून गेले. वक्ता तिशीतला, बोलायला चटपटीत. दरमहा दहा हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला ठरावीक हप्ता, वीस वर्षं केली तर काय होतं, याचा आलेख त्याने पडद्यावर दाखवला. माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी ऐंशी कधीच ओलांडलेली. ते शेजाऱ्याला म्हणाले, "हे घ्यायला कोण येणार, तू की मी?" दोघे इतके हसले की वक्त्याला वाटलं, आलेख आवडला.

शेवटी फॉर्म वाटले. नाव, वय, मोबाइल, पॅन, गुंतवणुकीसाठी उपलब्ध रक्कम. रकमेचा रकाना सक्तीचा, त्याच्यापुढे चांदणी. मी तो फॉर्म हातात धरून बराच वेळ बसले, कारण मला जो रकाना हवा होता तो त्यात नव्हता. त्या रकान्यासाठीच हे पत्र.

आधी माझी ओळख सांगते. एकतीस वर्षं मी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची, म्हणजे लोकांच्या भाषेत पोस्टाची, एजंट होते. बांदोडा, कवळे, मार्दोळ या भागात आरडीचे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीचे, हप्ते गोळा करत फिरले. आधी पायी, मग स्कूटरवर, आणि गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा थांबले. शंभराच्या हप्त्यामागे चार रुपये कमिशन. तेव्हा कमिशनवाल्यांना नावं ठेवायला मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

मार्दोळच्या बाजूला माझ्या एक काकी होत्या. यजमान वारलेले, मुलगा दुबईला, मुलगी बेळगावला, घरामागे माडांचं भाट. दर महिन्याच्या पाच तारखेला मी जायची. ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, मग त्या आतून पानांचा डबा आणायच्या आणि "बाये, हो घे हप्तो" म्हणून चार नोटा पुढे करायच्या. पाचशेच्या चार. हिशेबाला पक्क्या. पाडेली किती माडांवर चढला, किती नारळ पडले, त्याला किती द्यायचे आणि व्यापाऱ्याकडून शेकड्यामागे किती घ्यायचे, सगळं तोंडी. मला कधी आकडेमोडीचा कागद काढू दिला नाही.

एका महिन्यात हप्ता दिल्यावर आठवड्याने त्यांनी मला रस्त्यात थांबवलं आणि पुन्हा चार नोटा दिल्या. मी परत केल्या, कार्डावरची सही दाखवली, दोघी हसलो. दोन महिन्यांनी पुन्हा तसंच. या वेळी त्या हसल्या नाहीत, थोड्या रागावल्या. मग एक दिवस त्या चार नोटा मोजताना अडल्या. एक, दोन, मग परत एक. नारळांचा हिशेब तोंडी करणारी बाई चार नोटांवर अडली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच मान खाली घातली.

मी कोणालाही काही सांगितलं नाही. मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता. असता तरी फोन केला असता असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की एका घरच्या पैशाची गोष्ट दुसऱ्या कानाला जाता कामा नये, मग तो कान पोटच्या मुलाचा का असेना. या नियमावरच लोकांनी मला तीस वर्षं घरात घेतलं.

त्याच वर्षात एका खाजगी संस्थेचा माणूस काकींकडे येऊन गेला. मुदत ठेव मोडली आणि नातवाच्या नावावर विमा पॉलिसी काढली. दर वर्षी एक लाखाचा हप्ता, दहा वर्षं. काकींची समजूत अशी की ही ठेवच आहे, फक्त व्याज जास्त. दुसऱ्या वर्षाच्या हप्त्याची नोटीस चवथीला घरी आलेल्या मुलाला विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडली. पॉलिसी परत करायची मुदत केव्हाच उलटून गेलेली. ही मुदत आता तीस दिवसांची केली आहे, चांगली गोष्ट आहे. पण जिला परवाची सही आठवत नाही, तिला तीस दिवस दिले काय आणि तीनशे दिले काय?

मुलगा मला भेटायला आला. भांडायला नव्हे, तो स्वभावानेच सालस. एवढंच म्हणाला, "मावशी, तुम्ही दर महिन्याला येत होता ना?"

याला उत्तर म्हणूनच मला तो रकाना हवा आहे. वयस्क ग्राहकाचं काम हातात घेताना सल्लागाराने, एजंटाने, बँकेतल्या माणसाने रक्कम विचारायच्या आधी एक प्रश्न विचारावा: "उद्या तुमच्या व्यवहारात मला काही चुकल्यासारखं वाटलं, तर मी कोणाला फोन करू?" नाव आणि नंबर लिहून घ्यावा, खाली ग्राहकाची सही घ्यावी. कशावरून फोन करायचा तेही लिहावं: तोच हप्ता दोनदा दिला, वर्षानुवर्षांची ठेव एकाएकी मोडायला निघाले, प्रश्न यांना विचारला आणि उत्तर शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस देतो आहे. आणि फोनवर काय सांगायचं याचीही मर्यादा असावी. "आईकडे एकदा येऊन जा" एवढं सांगायची परवानगी म्हणजे आईच्या खात्यात किती आहेत ते सांगायची परवानगी नव्हे.

हे विचारायचं ते माणूस शहाणासुरता असताना, पहिल्याच भेटीत. नंतर विचारलं तर अपमान वाटतो. पासष्टीच्या माणसाला सहज विचारलं तर तो नंबर देतो आणि विसरून जातो. आणि नाव मुलाचंच असावं असा हट्ट नको. आई-बापाच्या सह्या घेऊन ठेवी मोडणारी मुलंही मी पाहिली आहेत, त्यांचे किस्से इथे सांगत नाही. भाची असेल, जुनी शेजारीण असेल, म्हाताऱ्या माणसाला आपलं माणूस कोण ते बरोबर कळतं.

आता कमिशनचं. पोस्टात आणि बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. सध्या ८.२ टक्के व्याज, दर तीन महिन्यांनी हातात. दहा लाख ठेवले तर तिमाहीला २०,५०० रुपये. २०२३ पासून मर्यादा तीस लाखांची. म्हाताऱ्या माणसाला याहून सोपं काय हवं? तरी निवृत्त शिक्षकांना, कंडक्टरना हे सांगणारा कोणी भेटत नाही. कारण डिसेंबर २०११ पासून या योजनेवरचं एजंटचं कमिशन बंद झालं. माझ्याकडे आरडीखेरीज एसएएसची, म्हणजे पोस्टाच्या इतर बचत योजनांचीही एजन्सी होती, कमिशन बंद होण्याआधी आम्ही ही योजना दारोदार सांगायचो. नंतर? खोटं कशाला बोलू, मी आरडीवरच जास्त बोलू लागले. कोणाला फसवलं नाही, पण ज्यात मला काही मिळत नव्हतं ते माझ्या तोंडून कमी वेळा निघालं.

म्हणून घरच्यांनी पुढे बसलेल्या माणसाला सरळ विचारावं, तुम्हाला पैसे कोण देतं? ज्याच्या कार्डावर सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, 'आयएनए'ने सुरू होणारा क्रमांक आहे तो सल्लागार, तो फी तुमच्याकडून घेतो. 'एआरएन' असेल तर तो म्युच्युअल फंडाचा वितरक, त्याचं कमिशन फंड कंपनीकडून येतं. वितरक वाईट असतो असं नाही. पण "सल्ला फुकट आहे" असं कोणी म्हटलं की माझे कान टवकारतात, पस्तीस रुपयांचा नारळ कोणी फुकट देत नाही.

याहून मोठा घोळ वारसाचा, आणि तो खास गोव्याचा. बाहेरून येणाऱ्या सल्लागारांना आणि मोबाइलवरच्या ॲपांना इथला कायदाच माहीत नसतो. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून लग्नाबरोबर मालमत्ता सामाईक होते, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरच्या ठेवीतही निम्मा वाटा बायकोचा. उरलेल्या अर्ध्यातलाही निम्मा भाग मुलांना डावलून कोणाला मृत्युपत्राने देता येत नाही. वारसाचे नियम आता २०१२ च्या कायद्यात आहेत, तो डिसेंबर २०१६ मध्ये लागू झाला. आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच कायदा. पुण्याला फ्लॅट घेऊन ठेवलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आमच्या वाड्यावरचीच गोष्ट. वडील गेले, ठेवीवर नॉमिनी थोरला मुलगा. त्याने पैसे काढले, प्रामाणिक समजुतीने, की नाव माझं म्हणजे पैसे माझे. नॉमिनी हा नुसता स्वीकारणारा, मालक नव्हे, वारसांचा हक्क सुटत नाही. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. पण ते थोरल्याला कोणी सांगितलं नव्हतं. बहिणींचा वकिलाचा कागद आला, प्रकरण इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कोर्टातल्या कामात, गेलं, आणि सलग तीन चवथींना मुली गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला आल्या नाहीत. ज्या आईचा निम्मा वाटा होता तिला मधल्या काळात औषधांसाठी मुलाकडे हात पसरावा लागला.

दोष कोणाचा? फॉर्म भरणाऱ्याने विचारलं असेल, "नॉमिनी कोण?" "थोरला." अर्ध्या मिनिटात काम झालं. असे अर्ध्या मिनिटाचे शेकडो फॉर्म मी स्वतः भरले आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी टक्केवारीसह देता येतात. निदान आता तरी सल्लागाराने नवरा-बायको दोघांना समोर बसवून विचारावं. बायको चहा करायला आत आणि सह्या बाहेर, ही आमच्याकडची रीत मोडायला हवी.

एक गोष्ट मलाही अलीकडेच कळली. माझी समजूत होती की मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलं की आपलं भान गेलं तरी ती व्यवहार बघेल. तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची बुद्धी शाबूत नसेल तर मुखत्यारपत्रच संपतं. ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो रद्दी! मग पालक नेमून घ्यायला कुटुंबांना उच्च न्यायालयापर्यंत, म्हणजे आपल्याला पर्वरीला, जावं लागतं. त्यापेक्षा भान असतानाच 'दोघांपैकी एक किंवा हयात' असं खातं करून घरखर्चाची रक्कम त्यात ठेवणं कितीतरी सोपं. सल्लागाराने हे पहिल्या वर्षी सांगायला हवं, पाचव्या नव्हे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. घरी जा, शक्यतो सकाळी. एका भेटीत एकच विषय काढा. निघताना मराठीत मोठ्या अक्षरांत कागद ठेवा: काय घेतलं, किती दिले, पुढचे कधी द्यायचे, मोडलं तर किती मिळतील. त्याच दिवशी सही घेऊ नका. सत्तरीपुढच्यांना बँकेने घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलेलं आहे, ती मागून घ्यायला मदत करा. आणि फोनवर पोलीस असल्याचं सांगून कोणी पैसे मागत असेल तर फोन ठेवून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, हे प्रत्येक भेटीत सांगा, कंटाळले तरी सांगा.

परदेशात, पुण्या-बंगळुरात असलेल्या मुलांनाही एक सांगणं आहे. चवथीच्या पाच दिवसांत, घरात तीस माणसं असताना "बाबा, तुमचे किती आहेत?" असं विचारू नका. बाबांना वाटतं वाटणीची घाई झाली. पाऊस लागल्यावर, घरात कोणी नसताना या, आणि आकडा नव्हे, कागद कुठे ठेवले आहेत ते विचारा. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढची माणसं ११.२ टक्के होती, देशात ८.६. आता तर आमच्या वाड्यावर संध्याकाळी दिवे दिसतात त्यातल्या निम्म्या घरांत एकेकटं माणूस आहे.

व्याख्यानाच्या त्या फॉर्मवर मी रकमेचा चांदणीवाला रकाना कोरा ठेवला. उलट्या बाजूला सुनेचं नाव आणि नंबर लिहिला, आणि खाली: 'मी तोच प्रश्न दोनदा विचारू लागले, तर हिला फोन करावा.' सही केली, तारीख घातली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. सुनेला नव्हे, मलाच. रकमेचा रकाना राहिला आहे, म्हणाले, तेवढा सांगता का?

आपली,
एक निवृत्त पोस्ट एजंट
बांदोडा, फोंडा