तुझं कोपर, माझं मनगट

प्रिय सुधे,

अक्षर बघून घाबरू नकोस. मोडक्या हातानेच लिहितेय, फिजिओबाईंच्या मते हाही व्यायामच. सात महिने पत्र नाही म्हणून काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे, मग पुढे वाच.

ओल्या फरशीवर घसरले, हात टेकला आणि उजवं मनगट गेलं. जेवणाचा काटा पालथा ठेवल्यावर दिसतो तसा हात दिसत होता. याला कोलिस फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या कोलिसने ते १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रे निघायच्या ८१ वर्षं आधी, नुसत्या लक्षणांवरून लिहून ठेवलं. सहा आठवडे प्लॅस्टर, हाड जुळलं, बाकी तब्येत ठीक.

पण पत्राचं कारण हे नाही. मी पडले तेव्हा शेजारचा मुलगा धावत आला. "काकू, थांबा, ओढून सरळ करतो." मी ओरडले, "हात लावलास तर बघ!" आणि ओरडल्यावर लक्षात आलं, हे तर तुझं वाक्य. सातवीत, त्या भिंतीखाली. तो मुलगा बिचारा थांबला. मी थांबले नव्हते.

नंतर मधू आली आणि तिने सगळं न बोलता केलं (मधू आणि न बोलता! जपून ठेव हे पत्र). सूज चढायच्या आत साबण लावून अंगठी काढली. हात जसा होता तसाच ठेवून खाली जाडं मासिक घेऊन बांधला, ओढणीची झोळी गळ्यात अडकवली. बोटं हलतात का, मुंग्या येतात का, नखं पांढरी पडत नाहीत ना, हे दर थोड्या वेळाने बघत राहिली. पाणी मागितलं तर दिलं नाही, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं म्हणून. एक मासिक आणि एक ओढणी. आपल्याकडे तेव्हा दप्तरभर वह्या होत्या गं.

तुझं कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही. तू कधी बोलली नाहीस, पण फोटोत तो हात तू पाठीमागे घेतेस, हे मला माहीत आहे. परवा फिजिओबाईंना आडून विचारलं. म्हणाल्या, मोडलेला हात ओढला तर हाडाची टोकं नसांना, रक्तवाहिन्यांना लागू शकतात. पण दुखावलेल्या कोपराला जोरजोरात मालिश केलं तर स्नायूतसुद्धा हाड धरू शकतं. तुझं मालिश तर दोन महिने चाललं होतं. ऐकून आधी काय वाटलं सांगू? सुटले! मग घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली. सुधे, ते माझ्यामुळे का मालिशमुळे, तुला कुणी कधी सांगितलं का?

मला आता कळतंय म्हणून विचारतेय. माझा तळहात पालथा होतो, उताणा होत नाही. तोंड धुवायला ओंजळ करावी तर एका बाजूने सगळं पाणी कोपरावरून खाली. रोज तीनदा कोपर बरगडीला चिकटवून, हातोडी दांड्याच्या टोकाला धरून हळूहळू बाहेर कलती करायची, दहा वेळा. दुखणं तासाभरात उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर आदल्या दिवशी अती झालं. मी अर्थातच पहिल्या आठवड्यात वीस-वीसदा केलं आणि बोटं फुगवून बसले. हसू नकोस.

तुझी बदली झाली का? धाकट्याची परीक्षा कशी गेली? आईंना नमस्कार.

मनगट ठणकायला लागलं, थांबते.

तुझीच,
विजू

ता. क. ओढला, कबूल. पण भिंतीवरून ढकललं नव्हतं. तू आपणहून पडलीस.