पूरनकाशा आयर्विनच्या फुटांत हवा

महोदय,

नदीकाठच्या शहरांचे पूरनकाशे उपग्रहाच्या मदतीने करावेत, ही मागणी योग्यच आहे. परंतु सांगलीसारख्या सपाट शहरात केवळ तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे ठरेल.

पूर येतो तेव्हा आभाळ भरलेले असते, त्यामुळे साधी छायाचित्रे निरुपयोगी ठरतात आणि सेंटिनेल-१ किंवा इस्रोच्या ईओएस-०४ यांसारख्या उपग्रहांवरील, ढगांतूनही पाहू शकणाऱ्या रडारचाच आधार घ्यावा लागतो. उघड्या शिवारात पसरलेले पाणी रडारला काळे, म्हणून स्पष्ट दिसते. दाट वस्तीत मात्र रडारच्या लहरी पाण्यावरून भिंतीवर आदळून उपग्रहाकडेच परततात आणि बुडालेली गल्ली उजळ, जणू कोरडी असल्यासारखी दिसू शकते. शिवाय पाणी सर्वांत वर चढले असताना उपग्रह नेमका डोक्यावर असेलच, असे नाही.

जमिनीच्या उंचीची अडचण याहून मोठी आहे. उपग्रहांवरून तयार झालेल्या, मोफत मिळणाऱ्या उंचीच्या माहितीत काही मीटरची चूक असू शकते, कारण इमारतींची छपरे आणि झाडांचे शेंडेही त्यात मिसळलेले असतात. सांगलीत कृष्णेची पातळी ज्या आयर्विन पुलाजवळ मोजतात, तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, म्हणजे दोहोंतील अंतर जेमतेम दीड मीटर! तेव्हा चौकाचौकांतील उंची प्रत्यक्ष मोजावी लागेल. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांपुढे आणि २०१९ मध्ये ५७ फुटांपुढे गेले होते. त्या पुरांच्या ज्या खुणा भिंतींवर टिकून आहेत, त्यांचीही उंची मोजून नकाशा पडताळता येईल. पुढच्या रंगकामात त्या पुसल्या जाण्याआधी हे व्हावे. शामरावनगरसारख्या सखल भागात पाणी नाल्यांतून मागे फिरून येते, हेही नकाशात हवे.

सरकारी पूररेषांपैकी निळी रेषा २५ वर्षांतून आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द दाखवते. बांधकाम परवानगीसाठी त्या आवश्यकच आहेत. पण पावसाळ्यात सांगलीकर एकच प्रश्न विचारतो, "आयर्विनला किती फूट?" म्हणून जलसंपदा विभाग आणि महापालिकेने आयर्विनच्या ४० फुटांपासून दर फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरेल आणि कोणता रस्ता बंद होईल, हे दाखवणारे प्रभागनिहाय नकाशे जूनपूर्वी जाहीर करावेत. पुरात वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडतात, त्यामुळे हे नकाशे छापील स्वरूपात प्रत्येक प्रभाग कार्यालयात आणि शाळेत लावलेले असावेत.

– एक पूरग्रस्त नागरिक, सांगली