आधी जवळची शाळा बघा

संपादक महोदय,

मुलीला पहिलीत घालायचं म्हणून आम्ही दोघांनी सहा शाळा पालथ्या घातल्या. खासगी शाळांत आधी फी, मग बस, मग गणवेशाचं दुकान. घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत मात्र बाईंनी मुलीला सतरंजीवर बसवून चिंचोके मोजायला दिले. तिनं सतरा मोजले. बाईंनी तीन उचलले आणि विचारलं, "आता किती गं?" आमचं तिथंच ठरलं.

नातेवाइकांनी नाकं मुरडली. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी सोडतीकडे डोळे लावून बसलेल्या पालकांची तगमग मला कळते. एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट, हा २०२४ चा नियम उच्च न्यायालयानं रद्द केला, ते योग्यच झालं. निवड पालकांचीच असावी. पण सरकारी शाळेची पायरीही न चढता तिला नापास करू नका. शिक्षणहक्क कायद्यानं तिथल्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यात निम्म्या महिला हव्यात. फी भरणाऱ्या किती पालकांना एवढा अधिकार मिळतो? मी समितीसाठी नाव दिलं आहे.

– एक पालक, पुणे