पलंग खाली आणतेय, रागावू नका

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

(मायना बाबांसाठी. तो नसला की ते पुढचं वाचत नाहीत.)

फोनवरच बोलले असते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला माहितीये. आई म्हणते "सगळं छान आहे गं, तू जेवलीस का", बाबा लांबनं ओरडतात "तिला सांग इकडं पाऊस नाही", आणि सात मिनिटांत विषय संपतो. म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं गाळू नका, मी तिला नंतर विचारणार आहे.

तर, मला कळलंय. संकष्टीच्या रात्रीचं. बेबीकाकूंवर राग धरू नका, त्यांना वाटलं मला माहीत असणारच. "बाबा बरे आहेत ना गं आता?" एवढंच त्या म्हणाल्या, मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते, चौथ्या मजल्यावर उतरायचं ते नवव्यापर्यंत गेले आणि परत खाली आले. सतरा दिवस झाले होते. सतरा दिवस रोज आपला फोन झालाय आणि रोज सगळं छान आहे.

भांडत नाही. भांडण परवा रात्री मनातल्या मनात करून झालंय, त्यात मीच जिंकले. आता जे ठरवलंय ते सांगते आणि विचारत नाहीये, सांगतेय. पुढच्या शनिवारी मी येतेय आणि सोमवारी गवंडी येतोय. त्याला ॲडव्हान्स दिलाय, म्हणजे "बघू की सावकाश" आता चालणार नाही. तुमचा पलंग माडीवरून खाली माजघरात येणार. मागच्या संडासात कमोड बसणार, शेजारी भिंतीत स्टीलचा दांडा, न्हाणीतल्या गुळगुळीत फरशीवर खरबरीत फरशी. दादाशी बोललेय, पैसे अर्धे त्याचे अर्धे माझे, तुमच्या पेन्शनला हात लावायचा नाही.

पलंग वर का गेला ते मी विसरले नाहीये. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आपल्या माजघरात जे झालं ते झालं. त्यानंतर आईनं धान्याचे डबे, कागदपत्रं, फोटो, सगळं माडीवर चढवलं आणि तुम्ही दोघंही वर गेलात, गावभागातली निम्मी घरं अशीच माडीवर गेलीत. मला ते कळतं. पण पूर येईल तेव्हा येईल, बाबा रात्रीतून तीनदा उठतात ते रोज. चौदा पायऱ्या उतरून, अंधारात, मागच्या दारानं, परत चौदा पायऱ्या चढून. मी रात्री इथे झोपले की त्या पायऱ्या मोजते. डबे, कागद, फोटो सगळं वरच राहू दे, एक वस्तू हलवणार नाही. फक्त तुम्ही खाली या. आणि माझा शब्द आहे, ४० फुटांची इशारा पातळी यायच्या आधीच, ३५ ला पाणी असतानाच मी गाडी घेऊन दारात असेन, तेव्हा मात्र "एवढं काही होत नाही" म्हणायचं नाही.

खाली तुम्हाला काही कमी पडणार नाही. पलंग तोच, गादी तीच, बाबांची आरामखुर्ची रस्त्याकडच्या खिडकीशी, म्हणजे पेपरवाला लांबूनच दिसेल. रेडिओसाठी वेगळा प्लग काढायला सांगितलाय. आईचा देवघराचा कोपरा तसाच, झोपाळा तसाच. रात्री पायापाशी बारीक दिवा राहील, तो आपोआप लागतो, बाबा, बटण शोधायला नको आणि बिल येत नाही म्हणावं इतकं कमी येतं. पुण्याला या असं मी म्हणतच नाहीये. मागच्या वेळी अकरा दिवसांत बाबांनी सोसायटीतल्या वॉचमनला सांगलीच्या हळदीच्या सौद्यांची सगळी माहिती दिली आणि बाराव्या दिवशी बॅग भरली. तुमचं घर तिथं आहे. मी तिथं नाही, हा माझा प्रश्न आहे, तुमचा नाही.

आता संकष्टीचं. मी तुमच्या डॉक्टरांना फोन केला, तुम्हाला न विचारता, हो. ते म्हणाले, "उपवास करतात? कधीपासून?" बाबा, इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना हे सांगितलेलंच नाही! तुम्ही म्हणणार त्यांनी विचारलं नाही. बरोबर आहे, त्यांनी विचारायला हवं होतं. पण काय झालं ते नीट समजून घ्या, कारण तुमची त्यात चूक काहीच नाही, उलट शिस्त नडली. औषध चुकवायचं नाही म्हणून सकाळी चहाबरोबर गोळी घेतलीत, ती ग्लिमेपिराइडवाली. ती गोळी स्वादुपिंडाच्या मागे लागते, इन्सुलिन सोड, इन्सुलिन सोड. पोटात अन्न आहे का नाही हे तिला कळत नाही आणि तिचा अंमल दिवसभर असतो. तुमच्या पोटात चहा आणि दोन केळी. संध्याकाळी देवळात जाऊन आलात, माडीवर चढलात, चंद्रोदयाला अजून दीड तास. घाम आला, हात थरथरले, आईला वाटलं हार्टच. शुगर पडली होती बाबा, मशीन कपाटात होतं म्हणून आकडा कुणालाच माहीत नाही. ७० च्या खाली म्हणजे पडली असं धरायचं. जिना उतरताना खालून तिसऱ्या पायरीवर पडलात हे नशीब, वरून तिसऱ्या असती तर... असो, नाही लिहीत.

आई, तू तोंडात पेढा घातलास ते अगदी बरोबर सुचलं तुला, तू होतीस म्हणून निभावलं. पण पेढ्यात खवा असतो, त्या तुपानं साखर रक्तात सावकाश उतरते, अशा वेळी तेवढा वेळ नसतो. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी मशीनवर बघायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच, आणि वर आली की मग भाकरी-दूध काहीतरी खायला. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हे मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवणार आहे, पाहुण्यांना दिसलं तर दिसू दे.

मंगळवारी तपासल्यावर डॉक्टर उपवासाच्या दिवसाची गोळी कशी घ्यायची ते ठरवतील, मनानं अर्धी करायची नाही, बंद पण करायची नाही. तोवर संकष्टीला जेवायचं. तुम्ही संकष्टी का धरलीत ते मला माहितीये, कुणासाठी धरलीत तेही, म्हणून हे लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. पण दादा आता पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि बेंगळुरूला टेनिस खेळतो. नवस फिटला बाबा. देवळात जा, दूर्वा घेऊन जा, आरतीला थांबा, फक्त जेवून जा. आणि चपला घालून जा, देवळाच्या दारात काढा. घरापासून अनवाणी नको. शुगरवाल्याच्या पायाला काच लागली तर त्याला कळत नाही कधीकधी. आई, रात्री बॅटरी घेऊन त्यांचे तळपाय बघत जा, लाजतील, तरी बघ.

तुमच्या गोळीवरून आठवलं. मला ताप आला की तुम्ही जिन्याच्या पायरीवर मला मांडीवर घेऊन बसायचात, दोन चमच्यांच्या मधे क्रोसिन चुरायची, वर मधाचं बोट. आणि कडू नाही हे दाखवायला आधी स्वतः चमचा चाटायचात. तुमचं तोंड जे व्हायचं ते बघूनच मला हसू यायचं आणि हसताना गोळी पोटात. किती क्रोसिन तुम्ही उगीच खाल्लीय माझ्यापायी. एकदा मी ती तुळशीत थुंकले होते, ते आईला अजून माहीत नाही. आता झालं.

आई, आता तू. हसू नकोस, तुझी पाळी आहे. दिवाळीत तू बीपी कसं मोजतेस ते बघितलंय मी. कुकर बंद करून येतेस, ब्लाउजच्या बाहीवरनंच पट्टा गुंडाळतेस, मशीन फुगायला लागलं की मला विचारतेस फोडणी दिलीस का, आणि १५८ आलं की मशीन खराब. आधी पाच मिनिटं खुर्चीला टेकून बसायचं, पाय जमिनीला, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, आणि बोलायचं नाही. शेवटचं तुला जमेल असं वाटत नाही, पण प्रयत्न कर. दोनदा मोजून वहीत लिहायचं, किराण्याच्या वहीत चालेल. आणि १२८ आलं म्हणून गोळी सोडायची नाही गं! ते १२८ गोळीमुळे आलंय. २०१९ ला बोटीतनं बाहेर काढलं तेव्हा तुझी गोळ्यांची पिशवी स्वयंपाकघरात राहिली आणि नऊ दिवस तू कुणाला बोलली नाहीस, विश्रामबागला दुसऱ्यांच्या घरी कुठं मागायच्या म्हणून. त्यापायी मी आता दोघांच्या पंधरा-पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या आणि चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत करून माडीवर खुंटीला लावणार आहे. तारखा बघून दर दोन महिन्यांनी बदलायच्या.

गुडघा दुखला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं ती लाल गोळी आणतेस ना, ती बंद. तसल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि रोज घेतल्या तर किडनीला बाधतात. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचापण नाही, आणि त्यात लोणचं, पापड, भडंग सगळं आलं. भडंग बंद कर असं सांगायला माझी जीभ रेटत नाही, मीच दर वेळी दोन किलो बांधून आणते. वाटीभर खा, परातभर नको.

मंगळवारी मिरजेला जायचंय, दोघांचं बुकिंग झालंय. सोमवारी रात्री नऊला जेवण आटोपायचं, मग सकाळपर्यंत फक्त पाणी. बाबा, त्या दिवशी शुगरची गोळी रक्त देऊन झाल्यावर, नाश्त्यासोबत. (मागच्या वेळी काय केलं होतंत ते मला आता कळतंय.) तीन महिन्यांची शुगर, किडनी, लघवीतलं प्रोटीन, ईसीजी आणि डोळ्याचा पडदा. मोतीबिंदू काढला म्हणजे पडदा तपासला असं नसतं, तो शुगरवाल्यांनी दर वर्षी बघायचा असतो. बी-१२ पण सांगितलंय, तुमच्या दुसऱ्या गोळीनं ते कमी होतं. आई, तुझी मॅमोग्राफी आहे. मावशीचं मी उकरून काढत नाही. तू, मी, आपण सगळ्यांनीच तेव्हा "बघू पुढच्या महिन्यात" म्हटलं होतं. दहा मिनिटांचं काम आहे, बाईच असते तिथे, मी दाराबाहेर थांबते, नाहीतर आत येते, तू म्हणशील तसं.

जाता जाता बाबांचं ते सत्तरीच्या वरचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घेऊ, त्याला उत्पन्न बघत नाहीत, वर्षाला ५ लाखांपर्यंत ॲडमिट झाल्यावरचा खर्च निघतो. आईला अजून वर्ष आहे, आधार कार्डावरचं वय धरतात आणि तुझ्या शाळेनं तुझा जन्म १ जूनला लावून टाकलाय, त्याचा निदान एवढा तरी उपयोग.

एक माझं पण सांगते. म्हणजे लपवालपवीत मी पण मागे नाही. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत माझी तीन महिन्यांची शुगर ६.१ आली. ६.५ पासून डायबेटिस म्हणतात, म्हणजे अजून झालेला नाही, उंबऱ्यावर आहे. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. (वाचताना आईचं तोंड दिसतंय मला.) रोज सकाळी चाळीस मिनिटं चालतेय, रात्रीचा भात निम्मा केलाय, परत तपासली तर ५.९. तुमच्या जावयांनाही ओढून नेते, ते निम्म्या वाटेत चहाला थांबतात. बाबा, तुम्ही पण घाटावरनं आयर्विन पुलापर्यंत जाऊन येता ते सोडू नका, फक्त खिशात ग्लुकोजची पुडी आणि फोन, फोन चार्ज केलेला.

पलंग हलवायला दोन माणसं येणार आहेत, बाबांनी एक पाय पण धरायचा नाही. आई, माझ्यासाठी काही करत बसू नकोस. भरीत कर, हरिपूरची वांगी मिळाली तर, नाही मिळाली तर राहू दे.

शनिवारी दुपारपर्यंत येतो. बघा, पुण्यात वीस वर्षं "येते, जाते" करतेय आणि तुम्हाला लिहिताना शेवटी आपल्याकडचं "येतो"च आलं. खोडत नाही.

तुमची,
नीलू