रात्रपाळी सुटल्यावर दिवसभर झोपू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कायम रात्रपाळी करणाऱ्या कामगाराची जनरल शिफ्टला बदली झाली की घरचे, मित्र आणि सुपरवायझर त्याला एकच सल्ला देतात : आता पोटभर झोप काढ. नेमके हेच करू नये. शेवटची पाळी रविवारी सकाळी ७ ला सुटते, माणूस ८ ला झोपतो, दुपारी ४ ला उठतो आणि रात्री २ पर्यंत टक्क जागा राहतो. सोमवारी ६ ला उठायचे असते. आठवडा चार तासांच्या झोपेवर सुरू होतो आणि मग ‘याला दिवसपाळी मानवत नाही’ असा शिक्का बसतो. कारखान्यांत आरोग्य आणि सुरक्षेचे काम करणाऱ्यांच्या हे नेहमीच्या पाहण्यातले असल्याने हे पत्र.

शेवटच्या पाळीनंतर दीड ते तीन तासच झोपावे. गजर ११ चा, आणि घड्याळ हात पोचणार नाही इतक्या लांब. उठल्यावर अर्धा तास डोके जड राहते, तेव्हा पुन्हा आडवे झाले की बेत फसला. तोंड धुवावे, जेवावे, घराबाहेर पडावे. दुपारी अगदीच सहन होईना तर ३ च्या आत २० मिनिटांची डुलकी. रात्री साडेनऊ-दहाला अंथरूण. त्या रात्री जागरणाच्या थकव्यामुळे बहुतेकांना झोप लागते. अवघड असतात त्या त्यानंतरच्या दोन-तीन रात्री. थकवा उतरलेला असतो, शरीराचे घड्याळ मात्र जुन्याच वेळेवर असते. मध्यरात्रीनंतर डोळे उघडतात. २० मिनिटांत पुन्हा झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात बसावे, मोबाइल दूर ठेवावा, आणि झोप कितीही कमी झाली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. झोप लागण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते.

शरीराचे हे घड्याळ प्रामुख्याने उजेडावर लागते. बहुतेकांत ते २४ तासांहून किंचित लांब चालते, त्यामुळे झोपेची वेळ उशिरा नेणे सोपे, अलीकडे आणणे अवघड. दिवसाला साधारण तासभरच ते अलीकडे सरकते. म्हणून सकाळचे ऊन घ्या असे सगळे सांगतात, पण सकाळी किती वाजता हे कोणी सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. शरीराचे तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन तास आधी सर्वांत खाली जाते. त्यानंतरचा उजेड घड्याळ अलीकडे आणतो, त्याआधीचा उलट आणखी उशिरा नेतो. सुट्टीत गजर न लावता आपण कधी उठतो ते पाहावे आणि त्यातून दोन तास वजा करावेत. ११ ला उठणाऱ्याची ही वेळ ९ येते. त्याने पहाटे ६ ला गच्चीवर फेऱ्या मारल्या तर फायद्याऐवजी तोटाच होईल. त्याने ९ पर्यंत बाहेर पडताना गडद गॉगल लावावा आणि ९ नंतर अर्धा तास उघड्यावर राहावे. दुसऱ्या दिवशी हीच वेळ ८ वर आणावी, मग ७ वर. कामावर असाल तर दहाच्या चहाला कॅन्टीनऐवजी अंगणात उभे राहा. महिन्यातून आठवडाभरच रात्रपाळी करणाऱ्याचे घड्याळ फारसे सरकलेले नसते, त्याने सरळ सकाळचे ऊन घ्यावे. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून घरात बसू नये. ढगाळ दिवशीही उघड्यावर ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो.

शेवटचा चहा दुपारी २ च्या आत. कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनीही शरीरात शिल्लक असतो. उठल्यावर तासाभरात नाश्ता, रात्रीचे जेवण ८ पर्यंत. सवयीने मध्यरात्री भूक लागलीच तर एखादे केळे पुरे. जेवायला बसलात तर पोट रात्रपाळीतच राहते. झोपेसाठी म्हणून घेतलेली दारू डोळा लवकर लावते आणि उत्तररात्रीची झोप मोडते. इन्सुलिन, रक्तदाबाच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर बदलीआधीच डॉक्टरांकडून नव्या वेळा लिहून घ्याव्यात. फिटचा आजार असलेल्यांना जागरण धोक्याचे असते, त्यांनी वरचा कमी झोपेचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पहिले तीन-चार दिवस दुचाकी नको, कंपनीची बस बरी. तीन आठवड्यांनंतरही झोप बसत नसेल, किंवा घोरण्यात श्वास अडकतो असे घरचे सांगत असतील, तर तपासणी करून घ्यावी.

आता व्यवस्थापनांसाठी. पूर्वी कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५७ नुसार आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० च्या कलम २८ नुसार मध्यरात्रीपलीकडे जाणाऱ्या पाळीतील कामगाराची साप्ताहिक सुट्टी पाळी सुटल्यापासून सलग २४ तास धरली जाते. म्हणजे रविवारी सकाळी ७ ला सुटलेल्याला सोमवारी ७ च्या पहिल्या पाळीला उभे केले तरी ती कागदोपत्री पूर्ण सुट्टी ठरते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला एकच रात्र येते, आणि पहिल्या पाळीची बस साडेपाचला असली तर तीही अपुरी. कायद्याने किमान किती द्यायचे ते ठरवले आहे. त्याहून अधिक देण्यास कोणी अडवलेले नाही. तिसऱ्या पाळीतून, म्हणजे रात्रपाळीतून, दिवसाला आणताना मध्ये दोन पूर्ण रात्री मिळाव्यात. सुरुवात पहिल्या पाळीने न करता साडेआठ-नऊच्या जनरल शिफ्टने करावी. पहिले तीन दिवस त्या माणसाला प्रेस, क्रेन किंवा फोर्कलिफ्टवर लावू नये. बदलीने रात्रपाळीचा भत्ता बुडतो तो वेगळाच, निदान आदेश तरी आठवडाभर आधी फलकावर लागावा. शनिवारी संध्याकाळी फोनवर बदली कळलेल्या माणसाला यातले काहीच करता येत नाही.

– कारखान्यांतील आरोग्य व सुरक्षा विभागात काम करणारे काही वाचक, चाकण